रंगखान्यातून नदीत उतरलेला गमबूट

जरा आत या. दाराच्या उजव्या हाताला, खुंटीवर, उलटा टांगलेला दिसतोय ना? तोच मी. मी गमबूट बोलतोय.

तसे आम्ही दोघं आहोत, उजवा आणि डावा. पण डावा पहिल्यापासून अबोल, आणि टाचेला ठिगळ लागल्यापासून तर त्याने बोलणंच सोडलंय. म्हणून दोघांच्या वतीने मी सांगतो. बोलायचं ठरवलंय त्यालाही कारण आहे. या खोलीत हल्ली फारसं कुणी येत नाही, आणि जे मी पाहिलं ते पाहणारी माणसं एकेक करून निघून गेली.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून हातमोजे घातलेल्या एका बाईने मला ओढून बाहेर काढलं, तळव्यावर दोन थापा मारल्या आणि म्हणाली, "हा ठीक आहे." माझं बारसं म्हणा, परीक्षा म्हणा, तेवढंच. मग खोक्यात घालून आमची पाठवणी झाली ती थेट एका रंगखान्याच्या कोठारात. कापडाला रंग चढवायचा मोठा कारखाना होता तो, नदीपासून थोडा वर, ओढ्याच्या काठी.

तिथे एक दिवस एक उंच, किडकिडीत माणूस कोठाराच्या खिडकीशी आला. त्या दिवशी त्याची नोकरी पक्की झाली होती, आणि पक्क्या कामगाराला गमबूट मिळायचे.

"नऊ नंबर द्या," तो म्हणाला.

"नऊ संपलेत. दहा घे, पाय वाढेल."

"अहो, चाळिशी आली माझी!"

"मग मोजे घाल दोन-दोन," असं म्हणून कोठारवाल्याने खिडकी लावून घेतली.

हाच माझा पहिला मालक, रंगारी. दोन मोजे घालून त्याने मला पायात चढवलं आणि हौदांच्या दालनात नेलं. तिथलं पहिलं दर्शन मी विसरणार नाही. वाफ एवढी की समोरचा माणूस कमरेपासून वर दिसायचाच नाही. फरशी कायम ओली. उकळत्या हौदांतून कापडाचे लांबच लांब पट्टे रुळांवरून वर यायचे, थेंब गाळायचे आणि पुन्हा बुडायचे. हौदाच्या एका बाजूला रंगारी, दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार. जोडीदाराला सगळे पहिलवान म्हणत. कुस्ती तो आयुष्यात खेळला नव्हता. फक्त दाराच्या चौकटीतून तिरका होऊन यायचा. दोघं एकमेकांना वाफेतून दिसायचे नाहीत, पण बोलणं अखंड चालू. पहिलवानाची बायको, त्याचा जावई, त्याची पाठदुखी, सगळं मला पाठ झालं होतं.

रंगाऱ्याचं डोकं मात्र रंगात असायचं. कापडाचा कोपरा उचलून तो खिडकीच्या उजेडात धरायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "अजून एक उकळी." घरी आला की रस्त्यावरच्या एखाद्या बाईच्या ओढणीकडे बघून सांगायचा, "हा आपला आहे." बायको म्हणायची, "लोकांच्या बायकांकडे बघायला बरं निमित्त सापडलंय तुम्हाला!"

दालनाच्या कोपऱ्यात फरशीत एक लोखंडी झाकण होतं. आठवड्याची शेवटची पाळी संपली की हौद रिकामे करायचे असत. ते पाणी खरं म्हणजे मागच्या टाकीत जाऊन तिथे शुद्ध व्हायला हवं होतं. पण टाकीचा पंप चालवला की वीज खूप लागायची, म्हणून तो बहुतेक वेळा बंदच. मुकादम हाक मारायचा, "उचल रे झाकण." आणि रंगारी आकडा लावून झाकण उचलायचा. गरम पाणी माझ्या घोट्यांवरून भोकात शिरायचं. कितीतरी रंग मी तसे जाताना पाहिले.

"हे जातं कुठे?" त्याने एकदा विचारलं होतं.

"शहराच्या गटारात," मुकादम म्हणाला. "पुढे त्यांचं मोठं यंत्र आहे शुद्ध करायचं. तू कशाला काळजी करतोस?"

रंगाऱ्याने विश्वास ठेवला. मुकादम खोटं बोलत असेल असं त्याच्या मनात आलं नाही, आणि आलं असतं तरी त्याने ते फार वेळ मनात राहू दिलं नसतं. घर नीट चाललं होतं. मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं.

काही वर्षांनी रंगखान्याने सगळ्यांना नवे बूट दिले. मी घरी आलो आणि पायरीखाली पडून राहिलो. माझ्यात कोळ्याने जाळं केलं. डाव्यात एक बेडूक राहायला आला. आता आपली रवानगी भंगारात, असं मी मनाशी धरलं होतं, तेवढ्यात एका सकाळी रंगाऱ्याच्या बायकोने मला ओढून काढलं, उपडं करून आपटलं आणि पायात घातलं.

तिला पुढे सगळी नदीकाठची माणसं ताई म्हणायला लागली, म्हणून मीही ताईच म्हणतो. मुलगी सासरी गेल्यापासून तिला घर खायला उठायचं. शेजारी एक मास्तरीणबाई राहत, शाळेतून निवृत्त झालेल्या. आवाज अजून वर्गातलाच. त्यांनी गल्लीत सांगितलं होतं, रविवारी सकाळी नदीवर यायचं, कचरा काढायला. ज्याला यायचंय त्याने यावं, ज्याला नाही त्याने निदान कचरा टाकायला येऊ नये.

ताई गेली ती सहज, बघायला. लहानपणी तिच्या वडिलांनी तिला त्याच नदीत पोहायला शिकवलं होतं. आता तिथे कुणी पाय बुडवत नव्हतं. पहिल्या दिवशी मी गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलो. ताईने पाय उपसला तो मोज्यासकट बाहेर आला आणि मी तिथेच उभा! सगळे हसले. निवृत्त पोस्टमनकाकांनी मला दोन्ही हातांनी उपटून काढलं. "वहिनी, पत्ता चुकला तुमच्या बुटाचा," ते म्हणाले.

त्या दिवशी आम्ही काय काय काढलं! पिशव्या, दोऱ्या, एक गादी, सायकलचं चाक, खुर्चीचे तीन पाय. चौथा पाय पोस्टमनकाका पुढचे कित्येक महिने शोधत होते.

रविवार असे सुरू झाले. मास्तरीणबाईंना लवकरच कळलं की नुसत्या नदीतून कचरा काढून भागत नाही, वरून येत राहतो. मग मंडळी वर सरकली. नदीला मिळणारे ओढे, ओढ्यांना मिळणारे ओहोळ, त्यांच्या उगमाकडची उघडी टेकडी. तिथे दगड रचून छोटे बांध घातले, म्हणजे पावसाचं पाणी माती घेऊन धावणार नाही. काठाला वाळुंजाच्या, म्हणजे पाण्याकाठी मुळं धरणाऱ्या झाडाच्या, फांद्या खोचल्या. काचेच्या नळीत पाणी घेऊन, औषधाचे थेंब टाकून, रंग किती बदलतो ते बघायला मास्तरीणबाईंनी सगळ्यांना शिकवलं. मंडळींचं नदी मंडळ झालं, आणि नदीकाठी बंद पडलेल्या पाणपंपाची ही खोली नगरपालिकेकडून मागून घेतली. फावडी, घमेली, दोऱ्या इथे राहायला आल्या. मला ही खुंटी मिळाली; धुवायला मात्र ताई मला घरी न्यायची.

रंगारी आधी नुसता चहाचा थर्मास पोचवायला यायचा. मग काठावर बसून सूचना द्यायला लागला. "तो दगड तिथे टिकणार नाही." मास्तरीणबाई एकदा म्हणाल्या, "भावोजी, खाली उतरून दाखवा की!" तो उतरला, आणि नंतर प्रत्येक रविवारी उतरत राहिला. ताईला त्याने कापडाचे जोड घालून हातमोजे शिवून दिले, तिच्या आवडत्या हिरव्या रंगात. पुढे तो पहिलवानालाही घेऊन आला. तीन माणसांना न हलणारा दगड पहिलवान एकटा छातीशी धरून आणायचा आणि ठेवल्यावर दगडाकडे असा बघायचा, जणू दगडच त्याला काही वाईटसाईट बोलला असावा.

तो काळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. काम संपलं की सगळे काठावर पाव-बिस्किटं खात बसत. ताई पाय पाण्यात सोडून बसायची, म्हणजे मला पाण्यात सोडून. एका वर्षी वाळुंजांना पालवी फुटली. त्यांच्या मुळांशी, सावलीत, बोटाएवढे मासे दिसले. ताईने रंगाऱ्याचा दंड धरला. नुसतं बोट दाखवलं.

"अगं, मासेच आहेत," तो म्हणाला. पण तोही बराच वेळ बघत उभा राहिला.

ते मासे वाढले. मंडळी त्यांची खबर घरच्यासारखी घ्यायला लागली. आणि मग तो रविवार आला.

आम्ही वळणावर पोचलो तेव्हा पाण्यावर पांढरं पांढरं काहीतरी तरंगत होतं. पोस्टमनकाकांना वाटलं, कुणी कागद फाडून टाकलेत. जवळ गेलो तर मासे होते, पोटं वर करून. वाळुंजांच्या मुळांत अडकलेले, दगडांत अडकलेले, माझ्या तळव्याखाली. ताईने बादली घेतली आणि एकेक मासा उचलून बादलीत ठेवायला लागली, जिवंत असल्यासारखा हळूच. रंगाऱ्याने बादली धरली होती. ती भरली तशी त्याने दुसरी धरली.

मास्तरीणबाईंनी नळीत पाणी घेतलं. थेंब टाकल्यावर जो रंग यायला नको तो आला. "वरून आलंय," त्या म्हणाल्या. "प्रत्येक ओढा तपासायचा. आजच."

दुपारपर्यंत मंडळी ओढ्याओढ्याने वर गेली. दोन ओढ्यांचं पाणी ठीक निघालं. तिसऱ्याच्या काठी काटेरी झुडपांची जाळी होती, माणूस शिरणार नाही अशी. पहिलवानाने ती दोरीने ओढून बाजूला केली. मागे एक पाइप होता, जमिनीतून तोंड बाहेर काढलेला. त्याच्याखालचे दगड निळे झाले होते. जांभळ्याकडे झुकणारा निळा.

रंगारी पुढे झाला. खाली वाकला, दगडावरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. डोळे बारीक केले. मी तेव्हा ताईच्या पायात, त्याच्यापासून दोन हातांवर. हा निळा मी ओळखला. गेल्या आठवड्यात त्याच्या कपड्यांवर हेच शिंतोडे होते. घरी येऊन त्याने ताईला कौतुकाने सांगितलं होतं, ही छटा दोनदा बिघडली, दोनदा भरलेले हौद ओतून द्यावे लागले, तिसऱ्यांदा साधली.

पहिलवानाने पाइपाकडे पाहिलं, मग रंगाऱ्याकडे. वाफेतून न दिसता अखंड बोलणारी ती दोन माणसं, लख्ख उजेडात समोरासमोर उभी होती आणि गप्प होती.

घरी आल्यावर ताई पायरीवर बसून मला धूत होती. रंगारी दारात उभा होता.

"तुमच्याकडचाच आहे ना तो?" तिने वर न बघता विचारलं.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"गटारात जातं म्हणायचे. मी विचारलं होतं."

"झाकण कोण उचलतं तिथलं?"

ताईचा हात माझ्यावर थांबला. पाणी नळातून वाहत राहिलं.

"मीच," तो म्हणाला. "काल मीच उचललं."

मला वाटलं, ती आता ओरडेल. तिने नळ बंद केला. मला भिंतीला टेकवून ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही यात पडू नका. मास्तरीणबाई बघतील काय ते. मंडळ बोलेल. तुमचं नाव यायला नको कुठे."

"आणि मी काय करू? पुढच्या शनिवारी झाकण उचलू आणि रविवारी बादली धरू?"

तो आत निघून गेला. ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली, ओल्या हातांनी.

मंडळाने तक्रार केली. शाळेच्या सभागृहात बैठक ठरली. पाणी खात्याचे साहेब येणार, रंगखान्याची माणसं येणार, ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं. तोही रविवारच होता. सकाळी बांधाचा एक दगड निखळला होता तो बसवायला रंगारी मला घालून उतरला होता. त्याचे नवे बूट रंगखान्यात होते आणि तिथले बूट घालून नदीत यायचं त्याने बंद केलं होतं. नदीवरून तो तसाच सभागृहात आला. शिपाई कुरकुरला, "अहो, फरशी आत्ताच पुसलीये!" दारातल्या पायपुसण्यावर त्याने मला पुन्हा पुन्हा घासलं. मला वाटतं, आत जायला तो वेळ काढत होता.

सभागृह भरलं होतं. एका बाजूला मंडळ, दुसऱ्या बाजूला रंगखान्याचे कामगार. त्यांना यायला सांगितलं होतं. पहिलवान मागच्या रांगेत, हाताची घडी घालून.

मालकांच्या वतीने एक गृहस्थ उठले. स्वच्छ कपडे, मऊ बोलणं. म्हणाले, "आमच्याकडून ओढ्यात एक थेंबही जात नाही. तो पाइप जुना आहे, कुणाचा आहे आम्हाला माहीत नाही. शिवाय एवढ्या लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे, कुणी उगाच बोट दाखवू नये."

साहेबांनी विचारलं, "पाइप यांचाच आहे असं कुणी सांगू शकेल?"

मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. दगडांचा रंग, नळीतलं पाणी, सगळं त्यांनी सांगितलं. साहेब मान हलवत होते, पण प्रश्न तोच राहिला. आतलं कोण सांगणार?

ताईने रंगाऱ्याच्या बाहीला धरलं होतं. मी खाली होतो, मला दिसत होतं. तिने बाही घट्ट धरली होती, आणि तो उभा राहिला तेव्हा ती ओढलीसुद्धा.

"साहेब," तो म्हणाला. कुणीतरी खोकलं. "झाकण मी उचलतो. दर शनिवारी. टाकीचा पंप बंद असतो. मला वाटायचं गटारात जातं. ओढ्यात जातं हे मला त्या दिवशी कळलं. तो निळा माझा आहे. मीच काढला होता तो." त्याने आणखी काही सांगायचं ठरवलं असावं. ओठ हलले. पण तो खाली बसला.

एकदम कल्लोळ झाला. कामगारांतून कुणी ओरडलं, "खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?" साहेब टेबलावर हात आपटत राहिले.

बाहेर आलो तेव्हा पहिलवान पायऱ्यांपाशी थांबला होता. रंगारी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तू तरी समजून घे," तो म्हणाला.

पहिलवान म्हणाला, "माझ्या घरात सात तोंडं आहेत. मला एकदा सांगायचं होतंस. मी नाही म्हटलं नसतं कदाचित. पण सांगायचं होतंस."

तो निघून गेला. मोठा देह, हळू चालणारा. रंगाऱ्याने त्याला हाक मारली, दोनदा. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

साहेबांनी पाइप बंद करायला लावला आणि टाकी चालवायचा हुकूम दिला. मंडळाला वाटलं, आता सगळं मार्गी लागेल. पंप चालेल, पाणी शुद्ध होईल, रंगखानाही राहील. मालकांनी काही महिने हिशेब केला आणि रंगखानाच दूरच्या एका शहरात हलवला. इथल्यापैकी मोजक्या लोकांना तिकडे बोलावलं. बाकीच्यांना घरी बसवलं. पहिलवान घरी बसलेल्यांत होता.

मग गल्ली बदलली. ताई दुकानात गेली की बायका बोलणं थांबवत. पहिलवानाची बायको एकदा भर रस्त्यात तिला म्हणाली, "मासे जगले ना तुझे? बरं झालं बाई." शिवी परवडली असती. रविवारी कामगारांच्या घरची माणसं नदीवर यायची बंद झाली. त्यांचं बघून बाकीचेही कमी झाले. कुणाच्या डोळ्यात यायला नको, एवढंच. पोस्टमनकाका आजारी पडले आणि एका सकाळी कळलं, गेले. त्यांच्या खुर्चीचा चौथा पाय काही सापडला नव्हता.

रंगाऱ्याला कुणी काम देईना. वर्षभर तो जवळजवळ रोज मला घालून नदीवर आला. बांध नीट केले, वाळुंजांची छाटणी केली, कुणी नसताना. सगळी दुपार एकटा. एकदा मधल्या दगडावर बसला आणि रडला. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मी त्याच्या पायात होतो, पण त्याला सांगायला माझ्याकडे शब्द कुठले?

घरातलं संपत आलं तेव्हा त्याने दुसऱ्या गावच्या एका रंगखान्यात काम धरलं. दुसरं त्याला काही येत नव्हतं. ताई इथेच राहिली, घर आणि नदी बघायला. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. ती पायरीवर बसून मला पुसत बोलायची, म्हणून मला ऐकू यायचं. जेवण, हवा, खोकला, हेच. एका रविवारी तो बराच वेळ गप्प राहिला.

"अहो, आहात ना?" तिने विचारलं.

"आहे. अगं, इथे पण हौद तसेच सोडतात. पलीकडे नदी आहे."

ताईचा फडका थांबला.

"तुम्हाला करायला लावतात?"

"मला नाही. दुसरा एक आहे. त्याला लहान मुलं आहेत. मी बघतो फक्त."

ती काय म्हणणार? घरात पैसे त्याच कामाचे येत होते. ती एवढंच म्हणाली, "खोकल्याचं औषध घेतलंत का?" आणि तो म्हणाला, "घेतलं." फोन ठेवल्यावर मला पुसायचं विसरून ती तशीच बसली, मांडीवर एक बूट घेऊन.

त्याचा खोकला वाढत गेला. कुणीतरी जवळ असायला हवं, म्हणून ताईने जायचं ठरवलं. घर भाड्याने दिलं. जायच्या आदल्या दिवशी सकाळी ती मास्तरीणबाईंबरोबर नदीवर आली. मला पायात घालून एकटीच पाण्यात उतरली, वळणापर्यंत गेली. पाणी असं झालं होतं की मला माझे तळवे दिसत होते, तळाचे खडेही. वाळुंजांची सावली पाण्यावर. मासे आले, पुष्कळ. माझ्याभोवती फिरले, माझ्या रबराला तोंड लावून बघू लागले. ताई हलली नाही. तिने एक हात पाण्यात घातला, आणि एक मासा तिच्या बोटांमधून गेला.

"बाई," ती काठाकडे बघून म्हणाली, "यांना दाखवायचं होतं हो हे."

मास्तरीणबाईंनी डोळे पुसले. मग त्या म्हणाल्या, "बूट घेऊन जा. तिकडेही नदी आहे म्हणतेस. सुरुवात तूच कर."

ताईने मान हलवली. "नाही बाई. आता त्यांना आणखी कुठे उभं नाही करायचं मला. एकदा उभे राहिले, पुरे झालं." तिने मला नीट धुतलं, आतून पुसलं, या खुंटीवर उलटं टांगलं. जाताना माझ्या तळव्यावर हात ठेवला. थोडा वेळ ठेवला आणि गेली.

तिच्या जाण्याला आता बरेच महिने झाले. रंगाऱ्याची तब्येत कशी आहे, मला माहीत नाही. मास्तरीणबाईंना फोन येतो, पण त्या मोठ्याने बोलत नाहीत आता. वर्गातला आवाज बसलाय त्यांचा. माझ्या घोट्याशी चिरा पडायला लागल्यात, रबराला तसंच होतं. डावा विचारतो, हो, तो अबोलसुद्धा कधीकधी विचारतो, आज रविवार आहे का?

रविवारी मास्तरीणबाई दार उघडतात. फावड्यांवरची धूळ झटकतात, खिडकी उघडतात. गुडघे गेलेत त्यांचे, उतार उतरवत नाही. उघड्या दारातून मला वळण दिसतं. नदी स्वच्छ झाली म्हणून पलीकडच्या काठी लोक फिरायला येऊ लागलेत. बाक टाकलेत. फोटो काढतात. पाणी किती छान आहे म्हणतात. ते छान कुणी केलं, हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत नाही. माहीत असावं असा माझा हट्टही नाही.

पण वरच्या ओढ्यातला एक बांध गेल्या पावसात फुटलाय. मातीचं पाणी यायला लागलंय. आणि आज सकाळी वाळुंजाच्या मुळांत एक काळी पिशवी येऊन अडकली आहे, मोठी, फुगलेली. मास्तरीणबाई काठावर उभ्या आहेत. हातातली काठी पुढे करून बघतात, पोचत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतायत.

"अहो, जरा ऐकता का? कुणीतरी उतरा हो. पाणी फार नाही, गुडघाभर आहे. बूट आहेत आमच्याकडे."

आहेत, बाई. आम्ही इथेच आहोत. कुणीतरी पाय द्या.